मटण एक नंबर, पण एकाच्या वाटणीचं काम तिघांच्या डोक्यावर

पहिलं जेवणाचं सांगून टाकतो, ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांनी एवढं वाचून पळालं तरी चालेल. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूची मटण खानावळ आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात तिथल्या पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि जे तिथं जेवतात ते दोन ओळीत ओळखतीलच की. थाळीत सुकं मटण, पातळ रस्सा, अळणी (बिनतिखटाचं मटणाचं पाणी), खिम्याची छोटी वाटी, भात, कांदा लिंबू आणि भाकरी, कडक पाहिजे तर कडक नाहीतर मऊ. रस्सा आपल्या काळ्या तिखटाचा, वर तवंग आहे पण घसा धरत नाही, कपाळाला घाम फुटतो आणि तरी वाटी परत पुढं जातेच. पीस मऊ, हाड सुटून येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे चरबी घालून वाटी भरत नाहीत. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी आहे म्हणतात, आता 2016 ला तिला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळाल्यापासून प्रत्येक खानावळवाला मालदांडीच म्हणतो ते सोडा, पण इथली भाकरी गरम असताना मोडली की आत पांढरीशुभ्र आणि चव गोडसर, म्हणून मी वाद घालत नाही. शेंगा चटणी टेबलावर डब्यातच असते, कितीपण घ्या. सोबत शाकाहारी माणूस असेल तर शेंगाभाजी मागवा, वांगं नको. जेवणाला पाचपैकी पाच, डोळे झाकून.

आता सर्विस. इथं मी अडकलो, कारण सर्विसला किती स्टार द्यायचे हेच ठरेना. ऑनलाईन बघितलं तर या खानावळीला सर्विसवरून लोकांनी धुतलंय नुसतं, भाकरी गार, रस्सा मागून मागून थकलो, वेटर लक्ष देत नाही, आणि एकानं तर लिहिलंय की चष्मेवाला वेटर उद्धट आहे, त्याला काढा. ते वाचून माझं डोकं सटकलं आणि म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला घेतलंय. कारण त्या अख्ख्या हॉलमधे काम करणारा जर कोण असेल तर तो चष्मेवालाच आहे.

तिथली व्यवस्था अशी आहे की प्रत्येक पोराकडं ठरलेली टेबलं. दारापासली एकाकडं, मधली रांग चष्मेवाल्याकडं, आणि आत खांबाच्या पलीकडं कूलरजवळची चार टेबलं एका तिसऱ्याकडं. कॅप्टन म्हणजे जरा वयानं मोठा माणूस, ऑर्डर लिहिणं, बिल करणं आणि गर्दीत स्वतःपण वाढणं. आत भाकरीला दोन मावशी. एक नवीन पोरगं आलंय ते पाणी आणि फडक्यावर. तर तो कूलरजवळचा जो आहे, त्याला आपण कूलरवालाच म्हणू, तो माणूस वाईट नाही हे पहिलं सांगतो. हसून बोलतो, शिवी देत नाही, दारू पिऊन येत नाही. फक्त काम करत नाही. खांबाच्या आडोशाला पाठ टेकवून मोबाईल बघत उभा, आणि मोबाईल पण असा धरतो की लांबून वाटावं ऑर्डर लिहूलालाय.

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला मधल्या रांगेत बसून बघा, तासाभरात सगळं कळतं. कूलरजवळच्या टेबलावर एक फॅमिली, आजोबा, दोन बायका, लहान पोरं. भाकरी संपली. आजोबांनी हात वर केला, ओ भाऊ, ओ भाऊ. कूलरवाल्याची मान खाली. चष्मेवाला तेवढ्यात एका हातात रश्शाची बादली, दुसऱ्या हातावर भाकऱ्यांचं ताट घेऊन त्याच्या स्वतःच्या सहा जणांच्या टेबलाकडं चाललेला. तो वळला. आजोबांना तीन भाकऱ्या ठेवल्या, पोरांना रस्सा घातला, आजोबांनी लिंबू मागितलं म्हणून लिंबाला गेला. तोपर्यंत इकडं सहा जणांच्या टेबलावरनं आवाज सुरू, काय बे, झोपलाय का, आम्ही फुकट जेवूलालोय का इथं. आणि त्याच्या ताटात भाकऱ्या उरल्या तीन, माणसं सहा. परत आत जायचं, मावशीला सांगायचं, मावशी म्हणणार आत्ताच तर नेल्यास की रे सहा. मग त्यानं मावशीचं ऐकायचं, बाहेर येऊन टेबलाचं ऐकायचं. मी बघत होतो, पोरगं एकदा पण म्हणालं नाही की ते टेबल माझं नाही. आणूलालोय मालक, दोन मिनिटं, एवढंच. पण तिसऱ्यांदा शिव्या खाल्ल्यावर त्यानं ताट जरा आपटून ठेवलं, आणि तेवढं मात्र सगळ्या हॉलनं बघितलं. उद्धट आहे म्हणे!

आणि कूलरवाला कुठं दिसतो माहितीय का, बिलाच्या वेळेला. बडीशेपची वाटी घेऊन असला तुरुतुरु येतो की काय विचारू नका. आजोबांना बाटलीतलं पाणी पण हातावर घातलं, दार पण उघडून दिलं. आजोबांनी खूश होऊन पन्नासची नोट ठेवली. आता ही नोट काय थेट त्याच्या खिशात जात नाही, गल्ल्याखाली स्टीलचा डबा आहे टिपचा, सगळी टिप त्यात टाकायची आणि रात्री सगळ्यांना सारखी वाटायची असा नियम आहे. ऐकायला किती चांगलं वाटतं बघा. आधी मलापण चांगलं वाटलेलं. पण सारखी वाटणी तेव्हाच गोड लागते जेव्हा डब्यात टाकायला सगळेच पळतात. इथं एकजण कूलरची हवा खातो आणि रात्री बाकीच्यांएवढेच पैसे घेऊन जातो, आणि वर टेबलावरच्या माणसाला वाटतं तोच सगळ्यात चांगला वेटर.

मावशींचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. भाकरी तव्यावरनं काढून आतल्या खिडकीत ठेवतात, नेणाऱ्यानं लगेच न्यायची असते. कूलरवाल्याची ऑर्डर असली की भाकरी खिडकीत पडून राहते, एकावर एक ठेवलेल्या, खालची वाफेनं ओली होऊन ताटाला चिकटते, वरची वातड. मऊ भाकरी म्हणून सांगितलेली ती वातड, कडक म्हणून सांगितलेली ती दमट. मग गिऱ्हाईक ती परत पाठवतं आणि मावशीला परत पीठ मळून थापावी लागते, तीसुद्धा मे महिन्यात, सोलापूरच्या मे महिन्यात, जिथं बाहेर सावलीत उभं राहिलं तरी जीव नको होतो तिथं दोन शेगड्यांच्या मधे. आणि रिव्ह्यूत काय येतं? भाकरी गार होती, दोन स्टार. म्हणजे स्टार कापला कुणाचा, तर जिनं एक भाकरी दोनदा केली तिचा.

मी स्वतः एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मच्या युनिटला लाईन सुपरवायझर आहे, त्यामुळं हे असलं बघायची डोळ्यांना खोडच लागलीय. आमच्याकडं एक शर्ट एक माणूस शिवत नाही, कॉलर एक करतो, बाही दुसरा जोडतो, ओव्हरलॉक तिसरा, काजबटण चौथा. बंडल पुढं सरकत राहिलं पाहिजे. कॉलरवाला ढिला पडला की त्याच्या मशीनपाशी ढीग आणि त्याच्या पुढचे सगळे हात बांधून बसलेले, आणि जून तोंडावर आला की ते हात बांधून बसलेलेच रात्री ओव्हरटाईमला थांबतात. कॉलरवाला मात्र सहाला डबा उचलून घरी, कारण त्याचं काम संपलेलं असतं ना! आमचे वडील पूर्व भागात पावरलूमवर होते, चादरीचे माग, तिथं तर पैसे नगावर. कांड्या (सूत गुंडाळलेल्या नळ्या) भरणारा वेळेवर कांड्या देईना की माग उभा, आणि माग उभा म्हणजे विणकराची मजुरी उभी. त्यामुळं तिथं भांडण रोख असायचं, संध्याकाळच्या आत. आई विड्या वळायची, हजार विड्यांमागं मजुरी, शेजारची बाई दिवसभर गप्पा मारत बसली तरी आईचा एक पैसा कमी व्हायचा नाही, उलट गप्पांना सोबत. म्हणजे आळशी माणूस सगळीकडं सारखाच, पण तो तुम्हाला किती महाग पडतो ते तुमचं काम त्याच्या कामात किती अडकलंय त्यावर असतं. खानावळीत ते पूर्ण अडकलेलं असतं आणि पगार महिन्याचा असल्यामुळं कुणाचं किती नुकसान झालं ते कुठंच लिहिलं जात नाही. मागावर निदान चादरी मोजून दाखवता यायच्या.

यात एक गोष्ट लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. ते नवीन पाण्यावरचं पोरगं आहे ना, ते अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातनं आलंय, कन्नड चांगलं बोलतं, मराठी अजून अडखळत. ते तर कूलरवाल्यापेक्षा जास्त चुकतं. एका टेबलाचं अळणी दुसऱ्याला नेतं, बिसलेरी म्हटलं की जग आणतं. पण त्याच्यावर कुणी चिडत नाही. कॅप्टन त्याला बाजूला घेऊन कन्नडमधे परत सांगतो, मावशी त्याच्यासाठी भाकरी बाजूला काढून ठेवतात, चष्मेवाला जाता जाता त्याच्या हातातला जास्तीचा ग्लास उचलतो. कारण ते पळतंय हे सगळ्यांना दिसतं. ज्याला येत नाही त्याला सगळे सांभाळून घेतात, ज्याला येतंय पण करत नाही त्याच्यावर दात खातात. आणि गंमत म्हणजे कूलरवाल्याला सगळं येतं. एकदा मालकाच्या मेहुण्याकडची पार्टी होती तेव्हा बघितलंय मी, चार थाळ्या एका हातावर, एक थेंब रस्सा सांडला नाही पठ्ठ्याचा.

माझी खरी तक्रार आता येते. चष्मेवाला बदललाय. आधी हा पोरगा न मागता रस्सा घालायचा, वाटी अर्धी झाली की पाठीमागनं बादली हजर, माझ्या आईला दात नाहीत तर न विचारता मऊ भाकरी आणून चुरून द्यायची का म्हणायचा. आता मागितलं तर आणतो. चुकीचं काही नाही, मागितलं की आणतो, पण मागावं लागतं. दुसऱ्याच्या टेबलावरनं हाक आली की आधी वळायचा, आता तोपण मान खाली घालून पुढं जायला लागलाय. मी एकदा हळूच विचारलं, काय रे, बरं नाही का, तर म्हणाला, काय करायचंय दादा पळून, पळणाऱ्याला शिव्या आणि उभारलेल्याला टिप. यावर काय बोलणार? मी सुपरवायझर आहे म्हणून सांगतो, आळशी माणूस आळशी राहिला तर नुकसान एका माणसाच्या कामाचं, पण त्याला बघून कामाचा माणूस हिशेब करायला लागला की मग काय खरं नाही. आमच्याकडं लाईनवर मी हे दोनदा बघितलंय, चांगला टेलर आधी स्पीड कमी करतो, मग बोलायचं कमी करतो, मग एक दिवस सोमवारी येतच नाही, पुण्याला गेला म्हणून कळतं.

मागं आमच्या कंपनीत ट्रेनिंगला एक मॅडम आलेल्या त्यांनी एक गोष्ट सांगितलेली ती इथं फिट बसते. अमेरिकेत मास आणि मोरेट्टी नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एका सुपरमार्केटच्या चेनमधल्या कॅशियरांचा हिशेब काढला, कोण किती भराभर माल स्कॅन करतो ते, 2009 ला छापून आलं. तर फास्ट कॅशियर शिफ्टला आला की बाकीचे पण फास्ट होतात. पण सगळे नाहीत. त्या फास्ट माणसाच्या नजरेसमोर जे बसलेत ते. ज्यांना तो फास्ट माणूस दिसतो पण त्याला ते दिसत नाहीत, त्यांच्यात फरक पडत नाही. म्हणजे चांगल्याला बघून माणूस सुधारत नाही, चांगला आपल्याला बघतोय म्हटल्यावर सुधारतो. आता परत त्या खांबाकडं या. अख्ख्या हॉलमधे एकच जागा अशी आहे जी मधल्या रांगेत वाढणाऱ्याला, आतल्या खिडकीतल्या मावशींना आणि गल्ल्यावरच्या मालकाला, तिघांनाही दिसत नाही, आणि आपले साहेब बरोबर तिथं उभे. मालक गल्ल्यावर तोंड रस्त्याकडं करून बसतो, सीसीटीव्ही आहे पण त्यातला एक कॅमेरा गल्ल्यावर, दुसरा पार्सल काउंटरवर, पैशाच्या जागा सगळ्या दिसतात, कामाची जागा एक पण नाही.

मालकाशी बोललो मी. ओळखीचा माणूस आहे, रागावत नाही. म्हटलं अण्णा, त्या कूलरजवळच्या टेबलांचं जरा बघा. तर म्हणाले, आहे जरा ढिला, पण आमच्या पाहुण्यातला आहे, विश्वासाचा आहे, आणि पोरं मिळतात कुठं हो आता, सगळी पुण्याला पळाली, रविवारी निदान एक हात तर वाढतो. पोरं मिळत नाहीत हे शंभर टक्के खरं आहे, ते मी रोज बघतो, आमच्या गेटवर टेलर पाहिजेत म्हणून बोर्ड लागलेलाच असतो कायम. पण एक हात वाढतो हे मात्र चूक आहे अण्णा. त्याची चार टेबलं तो करत नाही, ती चष्मेवाला आणि कॅप्टन करतात, म्हणजे हात वाढला नाही, नुसती टिपच्या डब्यात वाटणी वाढली. आणि पाहुण्यातला असल्यामुळं बाकीचे तोंड उघडत नाहीत, कॅप्टन एवढा वयानं मोठा माणूस पण त्याला आवाज देताना चारदा विचार करतो. तुम्हाला वाटतं हॉलमधे शांतता आहे. शांतता नाही अण्णा, लोक दमलेत.

काढून टाका असं मी म्हणत नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण साधं आहे, त्याला खांबाआडनं काढून दारापासली टेबलं द्या, गल्ल्याच्या समोरची. आणि टिपचं, निम्मी डब्यात ठेवा मावशी आणि पाण्यावरच्या पोरासाठी, निम्मी ज्याचं टेबल त्याला. ज्याचं टेबल दुसऱ्यानं वाढलं त्याची टिप वाढणाऱ्याला, कॅप्टनला सगळं माहीत असतं कुणी काय केलं ते, त्यालाच ठरवू द्या. हे मी अण्णांना सांगितलं, त्यांनी बघू म्हटलं. सोलापुरात बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना एक हात जोडून विनंती. वेटरचं नाव, वर्णन काहीच टाकू नका बे. तुम्ही एक तास बसता, तुम्हाला जो दिसतो तो पळणारा दिसतो, कारण न पळणारा दिसायच्या जागी नसतोच. तुमच्या शिव्या नेमक्या चुकीच्या माणसाला लागतात. भाकरी गार आली तर भाकरी गार आली एवढंच लिहा, कुणामुळं ते मालकाला शोधू द्या, ते त्याचं काम आहे, पगार तो देतो. मीपण म्हणून स्टार असे देतोय: जेवण पाच, मावशी पाच, कॅप्टन आणि चष्मेवाला पाच, पाण्यावरचं पोरगं चार (जग आणला तरी), आणि व्यवस्था दोन. व्यवस्थेचे कापलेले तीन स्टार मालकाच्या नावावर, बाकी कुणाच्या नाही. ॲपमधे एकच आकडा टाकायला लागतो म्हणून चार टाकलेत.

जाणाऱ्यांसाठी: रविवारी साडेबाराच्या आत जा नाहीतर अडीचनंतर, मधे जाऊ नका. बसायला मधली रांग मागा, कूलरजवळ गार वाटतं म्हणून जाऊ नका, जेवण होईपर्यंत तुम्हीच गरम होता. टिप द्यायची असेल तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या, बडीशेपच्या वाटीत नको. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात बाहेरगावची गर्दी फार असते तेव्हा पार्सलच बरं, रस्सा वेगळ्या पिशवीत डबल गाठ मारून देतात, सांडत नाही. सोमवारी बंद. कार्ड चालत नाही, फोनपे चालतं. फोर व्हीलर लावायला जागा नाही, पुढच्या गल्लीत लावा पण शटरसमोर नको, तिथले काका हवा सोडतात.